वाचकांचे प्रश्न: बेताच्या पैशांत छोटा गेमिंग लॅपटॉप

या वेळच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला. पैसे मोजके आहेत, लॅपटॉप पाठीवर वागवता येईल एवढा छोटा हवा आणि त्यावर गेमही नीट चालायला हवेत. बहुतेकांनी पत्राच्या शेवटी ‘एकच मॉडेल सांगा’ असं लिहिलंय. मॉडेलचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कंपन्या एकाच नावाखाली चार तऱ्हेची यंत्रं विकतात. नाव तेच असतं, पण रॅम वेगळी, पडदा वेगळा आणि ग्राफिक्स कार्डाला मिळणारी वीजही वेगळी. लॅपटॉप उघडून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे झाकणाखाली काय दडलेलं असतं ते मला दिसतं. पैसे मोजण्याआधी ते तुम्हालाही ओळखता यावं, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न: ताई, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो. रोज लॅपटॉप सॅकमधून न्यावा लागतो. दोन लॅपटॉप नक्की केलेत. एक १४ इंची, एकदम पातळ, त्यात आरटीएक्स ४०६० आहे. दुसरा १५.६ इंची, जाड आहे आणि त्यात आरटीएक्स ४०५०. पहिला महाग आहे, साठवलेले सगळे पैसे त्यातच जातील. पण कार्ड वरचं आहे, म्हणजे पहिलाच घ्यायला हवा ना?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर: तू दोन्ही यंत्रांची बरीच माहिती कळवलीस, पण निकाल लावणारा आकडा त्यात नाही. ग्राफिक्स कार्डाला किती वॉट वीज मिळते? आधी दोन्ही लॅपटॉपचा हा आकडा शोध, मगच ठरव.

ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या ४०५० आणि ४०६० या दोन्हींसाठी ३५ ते ११५ वॉट अशी मर्यादा ठेवली आहे. एवढ्या मोठ्या पट्ट्यात नेमकं किती द्यायचं ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ठरवताना ती बघते की आतली उष्णता बाहेर टाकायची सोय कितपत आहे, कारण कार्डात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पातळ लॅपटॉपमध्ये पंखे बारीक असतात, तांब्याच्या नळ्या कमी असतात आणि हवेला वाटही अरुंद असते. म्हणून काही पातळ लॅपटॉपांत ४०६० ला जेमतेम ४५ वॉट मिळतात. अशा ४०६० ला शंभरएक वॉट खाणारं ४०५० गाठतं, आणि बऱ्याच गेममध्ये मागेही टाकतं. कागदावर ४०६० मध्ये ३०७२ कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशोब करणारे छोटे भाग, आहेत आणि ४०५० मध्ये २५६०. पण विजेअभावी ते जास्तीचे कोअर हळू चालवावे लागले, तर त्यांचा फायदा तिथेच संपतो.

पूर्वी हे ओळखणं सोपं होतं. २०१७ पासून कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांच्या नावामागे ‘मॅक्स-क्यू’ असं लिहिलेलं असायचं. २०२१ मध्ये लॅपटॉपसाठी आरटीएक्स ३० मालिका आली आणि कार्डाच्या नावातून ते शेपूट गेलं. आता ४५ वॉटचं ४०६० आणि ११५ वॉटचं ४०६० यांच्या स्टिकरमध्ये काहीच फरक नसतो. ग्राहकावर हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आकडा शोधायचा कुठे? कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ किंवा ‘टीजीपी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात पुष्कळदा ‘डायनॅमिक बूस्ट’चे वॉटही मिळवलेले असतात. ही वरची वीज प्रोसेसरवर भार कमी असतानाच कार्डाला मिळते, त्यामुळे ती वजा करून बघ. दुकानात लॅपटॉप चालू करून दाखवत असतील तर ‘एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल’ उघड आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’वर क्लिक कर. त्या यादीत ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ची ओळ असते. विक्रेत्याला माहीत नसलं तरी यंत्र स्वतःच सांगतं.

आत काय चालतं तेही समजून घे. पातळ लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं की बहुतेक वेळा दिसतं ते असं: प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप शेजारी शेजारी, आणि दोघांच्या डोक्यावरून जाणाऱ्या तांब्याच्या त्याच दोन-तीन चपट्या नळ्या. नळ्या सामाईक असल्या की प्रोसेसर तापताच ग्राफिक्स चिपलाही झळ बसते. गेम सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं सगळं सुरळीत असतं. मग तांबं तापतं, पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागतात, यंत्र स्वतःला सांभाळायला वेग उतरवतं आणि फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, गळायला लागतात. म्हणून परीक्षण वाचताना किंवा बघताना लेखकाने गेम किमान अर्धा तास सलग चालवून मग आकडे दिलेत का, ते आधी बघ. दोन मिनिटांच्या चाचणीतले आकडे पातळ लॅपटॉपच्या बाबतीत फसवे असतात.

४०६० च्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की आहे. त्याला स्वतःची ८ जीबी मेमरी असते, ४०५० ला ६ जीबी. नव्या मोठ्या गेममध्ये ही मेमरी भरली की चित्र मध्येच अडखळतं, आणि मग टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या बारकाव्याची, पातळी ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणावी लागते. म्हणून तुझ्या १४ इंची लॅपटॉपमध्ये कार्डाला ऐंशी-नव्वद वॉट मिळत असतील, तर ते यंत्र खरोखर चांगलं आहे आणि पुढची काही वर्षं जास्त साथ देईल. पन्नासच्या आत मिळत असतील, तर तुझे जादा पैसे वेगासाठी जाणार नाहीत, फक्त पातळपणासाठी जातील.

पातळपणाची तुला किती गरज आहे, हेही तूच तपासून बघ. १४ इंची गेमिंग लॅपटॉप साधारण दीड ते पावणेदोन किलोचा असतो, १५.६ इंची सव्वादोन किंवा थोडा जास्त. रुंदी ३१-३२ सेंटीमीटर आणि ३६ सेंटीमीटर. रोज सॅक वागवणाऱ्याला हा फरक जाणवतोच. पण चार्जरही मोजायचा असतो. दोनशे वॉटच्या आसपासचा जुन्या पद्धतीचा चार्जर अर्धा किलो सहज भरतो. गेम फक्त खोलीवरच खेळणार असशील, तर मोठा चार्जर खोलीवर ठेव आणि वर्गात टाइप-सीचा छोटा चार्जर ने. मात्र लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होतो का, हे घेण्याआधी बघून घे. नुसतं त्या आकाराचं भोक आहे म्हणून चार्जिंग होईलच असं नसतं.

प्रोसेसरवर फार जीव टाकू नकोस. नावाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘एचएस’ असलेला मधल्या पातळीचा, म्हणजे आय-५ किंवा रायझेन ५, या दोन्ही कार्डांना पुरतो. प्रोसेसर आय-७ केल्यावर गेममध्ये जेमतेम फरक पडतो. तेच पैसे रॅमवर किंवा एसएसडीवर घालवलेस तर रोज जाणवतील.

माझं मत विचारशील तर पैसे जेमतेम असताना, आणि वॉटचा आकडा कमी निघाला तर, १५.६ इंची घे. उरलेल्या पैशांत १६ जीबी रॅम पुरी कर.

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे. तिला गेम खेळायचे आहेत आणि सोबत ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर वापरून अ‍ॅनिमेशन शिकायचं आहे. लॅपटॉप छोटा हवा असा तिचा हट्ट आहे. विक्रेता म्हणतो, ‘आत्ता ८ जीबी घ्या, पुढे वाढवता येईल.’ असं केलं तर चालेल का?
– एक पालक

उत्तर: ‘पुढे वाढवता येईल’ या वाक्यावर विसंबून पैसे देऊ नका. रॅम वाढवता येते की नाही, हे त्या विशिष्ट मॉडेलवर अवलंबून असतं, आणि छोट्या लॅपटॉपांत उत्तर वरचेवर ‘नाही’ असंच येतं.

रॅम दोन तऱ्हेने बसवलेली असते. एका प्रकारात तिची पट्टी खाचेत बसवतात, काढता येते आणि बदलता येते. दुसऱ्या प्रकारात चिपा थेट मदरबोर्डवर डकवलेल्या असतात. तपशिलात ‘एलपीडीडीआर ५’ किंवा ‘एलपीडीडीआर ५-एक्स’ असं दिसलं, तर आजच्या लॅपटॉपांत बहुतेक वेळा ती डकवलेलीच असते. जागा वाचते आणि वीजही कमी लागते, म्हणून पातळ यंत्रांत ती वापरतात. आसूसच्या झेफिरस जी-१४ वरून हा बदल स्पष्ट दिसतो. २०२० मध्ये हे यंत्र आलं तेव्हा त्यात थोडी रॅम डकवलेली होती, पण सोबत एक रिकामी करता येणारी खाचही होती. २०२४ ची आवृत्ती आणखी पातळ झाली आणि ती खाच गेली. त्याच वर्षी आलेल्या आसूसच्याच टफ ए-१४ मध्येही सगळी रॅम डकवलेलीच आहे. अशा यंत्रात ८ जीबी घेतली, तर शेवटपर्यंत ८ जीबीच राहते.

म्हणून डकवलेली रॅम असेल, तर पहिल्या दिवसापासून १६ जीबी घ्या. ब्लेंडर आणि गेम या दोन्हींसाठी मी ती किमान धरते. ३२ परवडली तर मुलीच्या कामाला उपयोगी पडेल, पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड खालचं घेऊ नका.

खाचा असतील तर गोष्ट वेगळी. चालू यंत्रात ‘टास्क मॅनेजर’ उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि ‘मेमरी’वर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ दिसते. तिथे ‘१ ऑफ २’ असेल तर एक खाच मोकळी आहे. तेव्हा आत्ता कमी घेऊन नंतर तशीच दुसरी पट्टी घालणं शहाणपणाचं आहे. पण ती लवकर घाला. एकच पट्टी असली की प्रोसेसरला मेमरीकडे जायला अर्धाच रस्ता मोकळा असतो, आणि गेममध्ये तो तोटा जाणवतो. ८ च्या दोन पट्ट्या १६ च्या एका पट्टीपेक्षा बऱ्या.

एसएसडीबद्दल फार काळजी नको. गेमिंग लॅपटॉपांत ती बहुतेक वेळा स्क्रूने बसवलेली असते आणि नंतर बदलता येते. एकच विचारून घ्या: जागा नेहमीच्या ८० मिलिमीटर लांबीच्या पट्टीची आहे की ४२ किंवा ३० मिलिमीटरच्या आखूड पट्टीची? आखूड पट्ट्यांत निवड कमी असते. ५१२ जीबी लवकर भरेल, कारण मोठा गेम एकटाच शंभर जीबीच्या वर जागा घेतो.

तुमच्या मुलीच्या बाबतीत पडदा मात्र अजिबात दुर्लक्षू नका. पैसे वाचवायचे असले की कंपन्या कात्री इथेच लावतात. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेला पडदा एसआरजीबी या संगणकावरच्या नेहमीच्या रंगपट्ट्यापैकी साधारण दोन तृतीयांशच दाखवतो. लाल रंग विटकरी दिसतो, त्वचा निस्तेज दिसते. गेम खेळणारा कदाचित चालवून घेईल, पण रंग शिकणाऱ्या मुलीने चुकीच्या रंगांवर डोळा बसवू नये. तिच्यासाठी ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहिलेला पडदा शोधा. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी घ्या.

प्रश्न: ताई, १९२० गुणिले १२०० चा १४४ हर्ट्झचा पडदा घेऊ की २५६० गुणिले १६०० चा? दुसरा दिसायला फारच छान आहे. कार्ड ४०५० आहे.

उत्तर: दिसायला छान आहे, खरं. पण कार्डाला तो पडदा रंगवायचा असतो. पहिल्यात सुमारे २३ लाख ठिपके आहेत, दुसऱ्यात जवळपास ४१ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला पावणेदोन पट काम. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्याचा, पूर्ण फायदा घ्यायचा तर कार्डाने एक फ्रेम ७ मिलिसेकंदांच्या आत तयार करायला हवी. ६ जीबीच्या ४०५० ला मोठ्या गेममध्ये २३ लाख ठिपके सांभाळतानाही ते अवघड जातं.

‘मग रिझोल्यूशन कमी करून खेळेन’ असं तू म्हणशील. २५६० च्या पडद्यावर १९२० चं चित्र सरळ दाखवलं तर ठिपके नीट जुळत नाहीत, अक्षरं पुसट दिसतात. डीएलएसएस ही एनव्हिडियाची चित्र मोठं करायची सोय वापरली तर बरंच सावरतं. त्याच्या ‘क्वालिटी’ पर्यायात गेम आतून दोन तृतीयांश रुंदी-उंचीवर चित्र काढतो आणि मग ते मोठं करतो. पण गेममध्ये ती सोय असायला हवी. तुझ्या पैशांत पहिलाच पडदा घे आणि त्याचा उजेड बघ. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा खिडकीजवळ बसल्यावर फिका वाटतो, ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर चालेल.

प्रश्न: नवा परवडत नाही. वापरलेला छोटा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. काय काय तपासू? जीटीएक्स १६५० असलेले बरेच मिळतात.

उत्तर: वापरलेलं घेण्यात काही गैर नाही. नीट पारखून घेतलं तर तेवढ्याच पैशांत नव्यापेक्षा वरचं कार्ड मिळतं.

आधी कार्डाबद्दल सांगते. १६५० हे २०१९ मधलं आहे, त्याला ४ जीबी मेमरी आहे आणि रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण कसे पडतील ते हिशोबाने काढायचं, हार्डवेअर नाही. जुने आणि हलके गेम त्यावर आजही छान चालतात. पण आता काही मोठे गेम असे येतात की त्यांना रे ट्रेसिंग सक्तीचं असतं. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सवरचा गेम आणि मे २०२५ मधला डूम, दोन्ही अशा जातीचे. सेटिंग कितीही खाली आणलं तरी १६५० त्यांच्या कामाचं नाही. त्यामुळे निदान आरटीएक्सपासून सुरुवात करा. वापरलेल्यांत माझी पसंती ६ जीबीच्या ३०६० ला आहे. त्यालाही ६० ते ११५ वॉटचा पट्टा आहे, म्हणजे वॉटचा प्रश्न इथेही विचारायचाच. २०२१ च्या ३०५० मध्ये ४ जीबीच मेमरी आहे, ते शक्यतो टाळा.

आता यंत्र हातात आल्यावर काय बघायचं ते. लॅपटॉप सपाट टेबलावर बंद करून ठेवा आणि बाजूने बघा. झाकण एका कोपऱ्यात उचललेलं दिसतंय का? उघडून टचपॅडच्या कडेवरून नख फिरवा. कड शेजारच्या पृष्ठभागापेक्षा वर आलेली असेल, किंवा टचपॅड दाबताना टणक लागून ‘टिक’ आवाज येत नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. पातळ लॅपटॉपांत बॅटरी बरोब्बर टचपॅडखाली असते आणि फुगायला जागा नसते, म्हणून ती तिथेच वर ढकलते. फुगलेली बॅटरी धोकादायक असते, तिला टोचू-दाबू नका. असं यंत्र बॅटरी बदलल्याशिवाय घेऊ नका.

बॅटरी फुगलेली नसली तरी किती झिजली आहे ते कळतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, तिरपी रेघ आणि तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आला असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच बोलणी करा.

मग चार्जर लावून एक जड गेम अर्धा तास चालवायला सांगा. या अर्ध्या तासाला विक्रेता तयार नसेल तर उठून या. गेम चालू असताना पंख्यांकडे कान द्या. घरघर सगळ्यांची येते, पण खरखर किंवा घासल्यासारखा आवाज आला तर पंखा गेलेला आहे. मागच्या आणि बाजूच्या जाळ्यांपाशी हात धरून बघा. तिथून गरम हवा जोरात यायला हवी. पंखा जोरात फिरतोय आणि हवा मात्र क्षीण येतेय, याचा अर्थ आतल्या पत्र्यांत धूळ बसून थर झाला आहे. तो साफ होतो, त्यासाठी यंत्र नाकारू नका, पण किंमत कमी करून घ्या. स्क्रीन बिजागरापाशी धरून हळूच उघड-बंद करा. पातळ यंत्रांत प्लास्टिकमधले स्क्रू उखडतात आणि बिजागर कडकडतं. ही दुरुस्ती किचकट आणि खर्चिक आहे, असं यंत्र सोडून द्या.

शेवटची गोष्ट विंडोज ११ ची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर ११ अधिकृतपणे बसत नाही. शिवाय व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या यंत्रातल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय उघडत नाही. हे दोन्ही चालू आहेत ना, तेही समोरच बघून घ्या.

प्रश्न: वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप घेतला तर? मी फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळते.

उत्तर: तुझ्यासाठी हाच उत्तम मार्ग आहे. एवढेच गेम असतील तर जड यंत्र वागवू नकोस. फक्त प्रोसेसरमधलं ग्राफिक्स कोणतं आहे ते बघ. एएमडीच्या रेडिऑन ७८०-एम मध्ये ग्राफिक्सचे १२ युनिट असतात, ७६०-एम मध्ये ८. दोन्ही तुझ्या गेमना पुरतील. व्हॅलोरंट मुळातच हलका आहे, काउंटर-स्ट्राइक २ साठी सेटिंग खाली ठेव.

फसगत नावात होते. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७६४०एचएस दोन्ही ‘रायझेन ५, ७००० मालिका’ म्हणून शेजारी शेजारी मांडलेले असतात. पहिल्यात एएमडीच्या जुन्या झेन २ रचनेचे कोअर आहेत आणि ग्राफिक्सचे अवघे २ युनिट. दुसऱ्यात झेन ४ आणि ८ युनिट. या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा रचना सांगतो: २ म्हणजे झेन २, ४ म्हणजे झेन ४. तो वाचायची सवय लाव. आणि अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबी आणि दोन पट्ट्या, किंवा एलपीडीडीआर, हे इथे अधिकच महत्त्वाचं.

काही जणींनी स्टीम डेकसारख्या हातात धरायच्या यंत्राबद्दल विचारलं आहे. एकट्याने खेळायच्या गेमसाठी ते सुंदर आहे, पण त्यात विंडोजऐवजी स्टीमओएस असते आणि व्हॅलोरंटची फसवेगिरी रोखणारी प्रणाली त्यावर चालत नाही. तुला ते उपयोगाचं नाही.

प्रश्न: छोट्या गेमिंग लॅपटॉपवर बॅटरीवर किती वेळ गेम खेळता येतो?

उत्तर: एक तासही धरू नका. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, म्हणून लॅपटॉपची बॅटरी त्यापेक्षा मोठी करत नाहीत. छोट्या यंत्रांत ती ५० ते ७५ च्या दरम्यान असते. गेम चालू असताना सगळं यंत्र मिळून ८० वॉट ओढत असेल, तर ६० ची बॅटरी पाऊण तासात संपते. शिवाय चार्जर काढला की कार्डाची वीज आपोआप कमी होते, त्यामुळे वेगही घटतो. बॅटरी लिहिण्या-वाचण्यासाठी समजा, गेम चार्जर लावूनच खेळा.

प्रश्न: ताई, माझा १४ इंची लॅपटॉप गेम खेळताना ९५ अंशांपर्यंत जातो. जळेल का? कूलिंग पॅड घेऊ?

उत्तर: जळणार नाही. हल्लीच्या प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते आणि तिथे पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात. पण रोज तासन्‌तास तिथेच राहिलं तर पंखे आणि आतला थर्मल पेस्ट, म्हणजे चिपवरची उष्णता नळ्यांकडे नेणारा लेप, लवकर थकतात, म्हणून लक्ष घातलंस ते बरं केलंस.

कूलिंग पॅडच्या आधी फुकटातले उपाय कर. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नकोस, हवा आत घ्यायच्या जाळ्या तळाला असतात. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेव. एवढ्यानेच काही अंश उतरतात. मग गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा घाल. एकट्याने खेळायचा गेम ६० फ्रेमला बांधलास, तर कार्ड उगाच १०० फ्रेम काढत तापत बसणार नाही, आणि पंख्यांचा आवाजही उतरेल. प्रोसेसर जास्त तापत असेल, तर विंडोजच्या पॉवर पर्यायांत ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करून बघ. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा नेहमीपेक्षा वरचा वेग, बंद होतो. बऱ्याच गेममध्ये वेग थोडासाच घटतो, तापमान मात्र चांगलंच खाली येतं. हा पर्याय काही लॅपटॉपांत लपवलेला असतो. तसं असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधली ‘सायलेंट’ किंवा ‘बॅलन्स्ड’ पातळी निवड.

लॅपटॉप वर्ष-दीड वर्ष जुना असेल तर धूळ साफ करून घे. हमी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाच. स्वतः करणार असशील तर यंत्र पूर्ण बंद कर, चार्जर काढ आणि झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणीही सोडव. हवा मारताना पंख्याची पाती काडीने किंवा बोटाने अडवून धर. मोकळा पंखा हवेच्या झोताने प्रमाणाबाहेर जोरात फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. हवा बाहेरच्या जाळीकडून आत मार, म्हणजे पत्र्यांत अडकलेला धुळीचा थर पंख्याच्या बाजूला निघून येईल. तो चिमट्याने उचल.